हंगामाच्या आधीची छायाचित्रे

कानाझावा हे शहर जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, इशिकावा प्रांतात वसलेले आहे. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला आणि दक्षिणेला २,७०२ मीटर उंचीच्या हाकुसानसह डोंगररांगा आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत नद्या, भातखाचरे आणि वस्ती, ही रचना रत्नागिरी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटते. आपल्याकडे नैर्ऋत्येचे वारे अरबी समुद्रावरून बाष्प आणतात आणि सह्याद्रीला अडून कोकणात ओततात. तिथे हिवाळ्यात सायबेरियाकडून निघालेले कोरडे, थंड वारे जपानच्या समुद्रातल्या उबदार प्रवाहावरून येताना बाष्प उचलतात आणि डोंगराशी आले की ते बर्फ, गारा आणि पाऊस अशा तिन्ही रूपांत खाली टाकतात. कोकणात जूनमध्ये जे घडते ते कानाझावात डिसेंबरमध्ये घडते, एवढाच काय तो हंगामाचा फरक. जेवणाचा डबा विसरलात तरी चालेल, पण छत्री विसरू नका, अशी तिथली जुनी म्हण आहे, आणि ती आमच्या संगमेश्वरातही सहज खपली असती.

होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन मार्च २०१५ मध्ये कानाझावापर्यंत आली, त्यानंतर काही काळाने माझ्या नवऱ्याच्या संशोधनाच्या निमित्ताने आम्ही तिथे राहायला गेलो. त्याआधी प्रवासी छायाचित्रकार म्हणून मी मासिकांसाठी आणि दिवाळी अंकांसाठी काम करत होते. लडाख, हंपी, कच्छ, व्हिएतनाम अशी ठिकाणे केली होती. त्या कामाची एक पद्धत ठरलेली असते. हाताशी थोडे दिवस असतात, निघण्यापूर्वी ठिकाणांची यादी करावी लागते, पहाटेचा आणि सायंकाळचा उजेड सांभाळून दिवस आखावा लागतो आणि हवामानाने साथ दिली नाही तर तेवढ्यावर भागवावे लागते. ही पद्धत त्या कामाच्या गरजेतून आलेली आहे, आणि तिच्यात शिस्तही आहे. मात्र त्याच गावात पुढचा हिवाळा, त्याच्या पुढचा आणि त्याच्याही पुढचा काढायचा आहे हे ठरल्यावर ती शिस्त हळूहळू निरुपयोगी होत जाते, आणि तिच्या जागी काय येते हे समजायला मला बराच काळ लागला. ते कसे कसे घडले, ते इथे नोंदवते आहे.

पहिला बदल उजेडाचा होता. कानाझावाचा हिवाळा करडा असतो. आठवडेच्या आठवडे सूर्य नीट दिसत नाही, आणि समुद्रावर वीज कडाडते. ऐन थंडीतल्या त्या गडगडाटाला तिथले कोळी बुरी माशाच्या हंगामाची वर्दी मानतात. वर्षभरात वीज गडगडणाऱ्या दिवसांची संख्या जपानमधील ज्या शहरांत सर्वाधिक असते, त्यांत कानाझावा अगदी वर आहे. पहाटेच्या आणि संध्याकाळच्या सोनेरी उजेडावर पोसलेल्या माझ्यासारखीला हे आभाळ आरंभी अडथळा वाटणे साहजिक होते. पण उजेड निवडण्याची सोयच उरली नाही, तेव्हा आहे त्या उजेडात वस्तू कशा दिसतात हे पाहणे भाग पडले. सावल्या नसलेल्या त्या मंद उजेडात ओल्या लाकडाच्या जाळ्या, काळ्या झिलईच्या कौलांचे चकाकणारे पृष्ठभाग आणि वितळत्या बर्फाखालची शेवाळाची हिरवी छटा यांतले बारीक फरक उमटतात. उन्हात ते सगळे एकजात तापून सपाट होतात. तांत्रिक बाजूही नव्याने बसवावी लागली. कॅमेऱ्यातला मापक बर्फाला करडा ठरवतो, म्हणून एक ते दीड स्टॉप एक्सपोजर, म्हणजे आत घ्यायच्या उजेडाचे माप, वाढवून हिस्टोग्राम हा उजेडाचा आलेख पाहत राहावे लागते. बाहेरच्या थंडीतून केरोसीनच्या शेगडीने तापलेल्या खोलीत शिरताना कॅमेरा आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करावा लागतो, म्हणजे बाष्प पिशवीवर धरते, लेन्सवर धरत नाही. पावसाळ्यात कोकणात काम करणाऱ्याला ही ओल नवी नाही, फक्त तिचा रोख उलटा आहे.

दुसरा बदल काळाच्या जाणिवेत झाला, आणि माझ्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा. केनरोकुएन ही कानाझावातील जगप्रसिद्ध बाग. तळ्याकाठी दोन पायांचा दगडी दीप आहे, आणि त्याच्या मागे बर्फ झेलणारे पाइन वृक्ष दोरांच्या शंकूंनी सावरलेले असतात. हिवाळ्यात शहरात येणारा प्रत्येक जण तिथल्या छोट्या पुलाजवळ रांगेत उभा राहून ते छायाचित्र घेतो. ते सुंदर असतेच. पण त्या शंकूंचे काम सुरू होते १ नोव्हेंबरला, बर्फाचा मागमूसही नसताना. कारासाकी नावाच्या एका जुन्या वृक्षाला सुमारे ८०० दोर लागतात. झाडाच्या माथ्याहून उंच खांब उभारतात, माळी त्यांच्या टोकावर चढतात आणि वरून दोर एकेक करून खाली सोडतात; खालचे सहकारी प्रत्येक दोर ठरलेल्या फांदीला ठरलेल्या ताणाने बांधतात. समुद्रकाठचा बर्फ ओला आणि जड असतो, त्याच्या भाराने पसरलेल्या फांद्या मोडतात, म्हणून हा सारा खटाटोप. मार्चमध्ये दोर उतरवले जातात.

हे काम पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी बाजारातून घरी चालले होते आणि कॅमेरा जवळ नव्हता. पुढच्या वर्षी मी १ नोव्हेंबर मोकळा ठेवला. त्याच्या पुढच्या वर्षी माळ्यांना माझा चेहरा ओळखीचा झाला होता, आणि कोणत्या बाजूने दोर खाली येताना आभाळाच्या पार्श्वभूमीवर वेगळे दिसतील हे त्यांच्यातल्या एका ज्येष्ठाने स्वतःहून मला दाखवले. बर्फातला शंकू पाहणाऱ्याला सौंदर्य दिसते. त्याच शंकूतून येणाऱ्या बर्फाचे वजन, झाडाचे वय आणि माणसांचा अंदाज दाखवायचा असेल, तर नोव्हेंबरात तिथे असावे लागते. तिथे असायचे तर तिथे राहावेच लागते, कारण हे काम कोणत्याही प्रवासाच्या यादीत नसते.

मग मी अशाच गोष्टींच्या मागे लागले. नागामाची या जुन्या सामुराई वस्तीत मातीच्या भिंती आहेत. डिसेंबरच्या आरंभी त्यांच्यावर पेंढ्याच्या चटया टांगतात, म्हणजे ओला बर्फ चिकटून आणि गोठून माती सुटत नाही. त्या चटया टांगताना पाहत असताना मला आमच्या घराची पडवी आठवली. मे महिना सरता सरता आजोबा नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप पडवीच्या पश्चिम अंगाला बांधून घ्यायचे, म्हणजे झड आत येत नसे. मातीची भिंत, किनाऱ्याचा ओला वारा आणि हाताशी असलेल्या गवता-पानांचा आडोसा: दोन किनाऱ्यांवरच्या माणसांनी एकमेकांची गाठ न पडता एकच उत्तर काढले होते. मी छायाचित्रे विकून पोट भरू लागल्याला तोवर बरीच वर्षे झाली होती, पण त्या झापांचे एकही छायाचित्र माझ्याजवळ नव्हते. कोकणाची म्हणून जी काही छायाचित्रे मी छापून आणली होती, ती धुवांधार पावसाची, हिरव्या खाचरांची आणि जांभ्या दगडातून कोसळणाऱ्या पाण्याची होती.

माणसांच्या बाबतीत बदल सावकाश झाला. जपानमध्ये अनोळखी व्यक्तीचा चेहरा टिपण्याबद्दल लोक फार संवेदनशील असतात, आणि त्याला कायद्याचा आधारही आहे. संमतीवाचून कोणाचा चेहरा अकारण टिपला जाऊ नये, हे स्वातंत्र्य तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मधील एका निकालात मान्य केले. क्योतोच्या गिओन भागात पर्यटकांनी गेइशांना घेरण्याचे प्रकार वाढल्यावर २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत छायाचित्रणबंदीचे फलक लागले, १०,००० येन दंडाच्या इशाऱ्यासह. आपल्याकडे बाजारात कॅमेरा काढला की पोरे स्वतःहून समोर येऊन उभी राहतात, म्हाताऱ्या पदर सावरून हसतात. त्या मोकळेपणाची सवय असलेल्या छायाचित्रकाराला इथे आधी माणसाशी बोलावे लागते, आणि बोलायला भाषा लागते. आमच्या गल्लीतल्या एका आजीबाईंकडे मी सलगम आणि बुरी मासा तांदळाच्या खमिरात मुरवून करायचा काबुराझुशी शिकायला जात असे. त्यांनी सलगम कापण्यापासून दडपण ठेवण्यापर्यंत सगळे मला हाताने करायला लावले. छायाचित्र घेऊ का, असे मी विचारले ते पुष्कळ पुढे, आणि त्यांनी आधी हातांचेच घ्यायला सांगितले. त्यांच्या चेहऱ्याचे छायाचित्र त्यांनी स्वतः सांगून काढून घेतले तेव्हा त्यांना ते कुठेही छापायचे नव्हते, फक्त मुलाला पाठवायचे होते. मी ते कधीही छापले नाही. एका ठिकाणी राहिल्याने छायाचित्रकाराला जी परवानगी मिळते, ती अशी असते: पुष्कळ काही दिसते, आणि त्यातले बरेचसे आपल्यापुरतेच ठेवायचे असते. नुसत्या प्रवासात माझ्यावर ही वेळ फारशी आली नव्हती, कारण तिथे जे दिसते ते घेऊनच परतायचे असते.

नुसते दीर्घ वास्तव्य दृष्टी देते असे मात्र मला वाटत नाही. फेलिचे बेआतो हा युरोपीय छायाचित्रकार १८५८ मध्ये लखनौत होता आणि १८६३ पासून सुमारे वीस वर्षे योकोहामात राहिला. त्याच्या स्टुडिओत जपानी रंगकर्मी छायाचित्रांवर हाताने सुंदर रंग भरत असत. तरीही योकोहामाच्या बंदरात उतरणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकाला जो जपान विकत घ्यायचा होता, तोच त्याच्या अल्बमांत मुख्यतः दिसतो: चिलखतातला सामुराई, छत्रीखालची स्त्री, पार्श्वभूमी मांडून घेतलेले धंदे. याउलट तोक्योत जन्मलेला हिरोशी हामाया १९४० मध्ये निइगाता प्रांतातल्या बर्फाळ डोंगरखोऱ्यातील कुवातोरीदानी या भागात नववर्षाचे विधी टिपायला गेला आणि मग वर्षानुवर्षे तिथे परतत राहिला. तो परदेशी नव्हता, तरी त्या खेड्यांसाठी परकाच होता. लोकसंस्कृतीचे अभ्यासक केइझो शिबुसावा यांच्या सहवासामुळे विधीमागचे काम आणि कामामागचे हवामान विचारात घेण्याची त्याला सवय लागली होती. बेआतो आणि हामाया यांतला फरक मुक्कामाच्या लांबीचा नाही, तर छायाचित्र कोणासाठी काढले जात आहे याचा आहे, असे मला ठामपणे वाटते. आपल्याकडचे रघुवीर सिंह पॅरिस, लंडन, न्यूयॉर्कमध्ये राहिले आणि तिथून वारंवार भारतात येऊन रंगीत छायाचित्रे काढत राहिले. दूर राहिल्याने त्यांचा भारत धूसर झाला नाही, उलट एकेका चौकटीत किती थर मावतात हे त्यांना अधिक दिसू लागले. मला त्यांचे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण परदेशी राहणाऱ्याचे घराकडे पाहणेही बदलते, ही गोष्ट त्यांच्या कामात उघड दिसते.

छायाचित्र कोणासाठी, नेमक्या याच प्रश्नाने व्यवहारात मला अडवले. पुण्या-मुंबईच्या संपादकांना जपान म्हटले की साकुराचा बहर, फुजी पर्वत आणि देवळांपुढच्या लाल तोरी कमानी हव्या असत, आणि त्यांना दोष देण्यासारखे त्यात काही नाही; वाचकाला ओळखीचे काही दिसल्याशिवाय तो थांबत नाही. पण दोर बांधणाऱ्या माळ्यांची चित्रमालिका मी पाठवली तेव्हा एका संपादकांनी फोन करून विचारले, ‘‘बर्फ कुठे आहे?’’ मी म्हटले, ‘‘अजून यायचा आहे, त्याचीच ही तयारी.’’ त्यांनी ती मालिका घेतली आणि सोबत मजकूर दुप्पट मागितला. तेव्हापासून मी लिहूही लागले, कारण हंगामाच्या आधीचे छायाचित्र शब्दांवाचून अर्धेच कळते.

१ जानेवारी २०२४ रोजी दुपारी ४ वाजून १० मिनिटांनी कानाझावाच्या उत्तरेकडच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. नववर्षाचा दिवस असल्याने शहरांत गेलेली मुले-नातवंडे गावी घरी आलेली होती. तिथल्या वाजिमा शहरातल्या सकाळच्या बाजाराची गल्ली आगीत जळाली, किनारा काही ठिकाणी सुमारे चार मीटर वर उचलला गेला आणि मासेमारीची बंदरे कोरडी पडली. भूकंपानंतरच्या हालांत दगावलेले धरून मृतांची संख्या पुढे पाचशेच्या वर गेली. कानाझावाहून वाजिमा एरवी सुमारे दोन तासांचा रस्ता. नोतोचा समुद्र, लाखेच्या भांड्यांचे कारखाने, पाणबुड्या स्त्रिया, शिरोयोने येथील समुद्रात उतरत जाणारी हजाराहून अधिक लहान भातखाचरे, हे सगळे मी अनेक ऋतूंत टिपले होते. भूकंपाच्या दुसऱ्याच दिवसापासून मला छायाचित्रांची विचारणा होऊ लागली. रस्ते खचलेले होते, प्रशासन लोकांना अनावश्यक प्रवास टाळायला सांगत होते, आणि त्या एकमेव वाटेवर माझी गाडी म्हणजे एका मदतीच्या गाडीची जागा अडवणे होते. मी गेले नाही. आधी काढलेली छायाचित्रे मात्र दिली, आणि प्रत्येकाखाली महिना आणि वर्ष स्पष्ट छापावे ही अट घातली, म्हणजे भूकंपापूर्वीचे गाव ते भूकंपापूर्वीचेच राहील.

रस्ते उघडल्यावर मी स्वयंसेवकांच्या बसने गेले. काम ढिगारा वाहण्याचे होते, कॅमेरा पिशवीतच राहिला. जड, काळ्या झिलईच्या कौलांचे छप्पर जसेच्या तसे आणि त्याखालची भिंत नाहीशी, अशी घरे रांगेने जमिनीवर बसलेली होती. ज्या कौलांची चमक मी करड्या उजेडात इतक्या प्रेमाने टिपली होती, त्यांचे वजन मला तिथे कळले. मग एका कुटुंबाने विचारले की, सरकारी खर्चाने घर पाडण्यापूर्वी घराची काही छायाचित्रे काढून द्याल का. त्यांना पूर्ण घर नको होते. उंबरठ्याजवळचा खांब, ज्यावर मुलांच्या उंचीच्या खुणा होत्या, स्वयंपाकघराची खिडकी आणि देवघराची रिकामी जागा, एवढेच त्यांनी सांगितले. मी त्यांच्या मागोमाग फिरले आणि ते बोट दाखवतील ते टिपले. इतक्या वर्षांच्या कामात चौकट कोणी दुसऱ्याने निवडावी आणि मी ती केवळ नीट उतरवावी, असे पहिल्यांदाच घडत होते, आणि त्या कामाइतके समाधान मला क्वचितच मिळाले आहे. त्यानंतर इतर घरांतूनही बोलावणी आली.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या २१ तारखेला अतिवृष्टीने वाजिमा आणि परिसर पुन्हा बुडाला. भूकंपग्रस्तांसाठी बांधलेल्या तात्पुरत्या घरांतही चिखल शिरला. भूकंपातून वाचलेले अल्बम पाण्यात गेले. २०११ च्या त्सुनामीनंतर ओली छायाचित्रे वाचवण्याची एक रीत जपानमधील स्वयंसेवकांनी बसवली होती, तिच्याप्रमाणे आम्ही काही जणांनी काम केले. आधी अल्बम मोकळा करून हवेवर वाळवायचा, सुकी माती मऊ कुंचल्याने झाडायची, मग छायाचित्र पाण्यात अलगद धुऊन चिमट्यांनी दोरीला लावायचे. रंगीत छायाचित्राचा जिलेटिनचा थर जीवाणू खातात; कडेपासून रंग विरघळत आत येतो, म्हणून कधी कधी चेहरा वाचावा यासाठी कडेचा विरघळलेला भाग पुसून टाकावा लागतो. लग्ने, शाळेचा पहिला दिवस, किरिको उत्सवातले खांद्यावरचे उंच दीप, नवी होडी. त्यांतले एकही छायाचित्र कोणत्याही मासिकाने घेतले नसते, आणि ती सुकवताना कोणाच्याही मनात तो विचार नव्हता. छायाचित्र ज्यांचे असते त्यांच्या घरी ते पोहोचले पाहिजे, हा माझा नियम त्या दोऱ्यांखाली पक्का झाला. आता प्रसिद्धीच्या आधी एक प्रत छायाचित्रातल्या माणसाकडे जाते.

शिरोयोनेच्या खाचरांत भेगा पडल्या होत्या. २०२४ च्या वसंतात त्यांतल्या सुमारे १२० खाचरांतच लावणी होऊ शकली. मी लावणीचे छायाचित्र घेतले, आणि त्याहून अधिक वेळ भेगा बुजवून बांध घालणाऱ्यांसोबत काढला.

गेल्या काही वर्षांत मी कोकणात येते ती मुद्दाम मे महिन्यात. पूर्वी मी जूनच्या मध्यावर यायचे, पाऊस धरायला. आता घराची शाकारणी, लाकूडफाट्याची रास, सुकायला घातलेले सोडे आणि आमसुले, मासेमारीबंदी सुरू होण्यापूर्वी किनाऱ्यावर ओढून झाकल्या जाणाऱ्या होड्या, हे सगळे पावसाळ्याच्या आधीचे काम मी एकामागून एक टिपते आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात बंदरात धांदल असते. पहिल्या खेपेला आई म्हणाली, ‘‘अगं, या उन्हात काय काढतेस? पाऊस येऊ दे, मग बघ किती छान दिसतं.’’ मी तिला कानाझावाच्या चटयांची छायाचित्रे दाखवली. तिने ती निरखून पाहिली आणि सांगितले की, झाप विणायला सुरुवात करायची ती झावळ भिजवून. कोरडी विणली तर पाते चिरते. कॅमेरा घेऊन घरात वावरणाऱ्या मला ही माहिती इतक्या वर्षांत तिने दिली नव्हती, कारण मी कधी विचारलेच नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दोन झावळ्या भिजत घातल्या.

माणसांशी वागण्याची जपानमधली रीतही मी इथे आणली आहे. आपल्याकडे लोक नाही म्हणत नाहीत, म्हणून विचारायचे राहू नये. मी बंदरावर आधी बसते, बोलते, कॅमेरा दुसऱ्या दिवशी काढते. काही कोळणींनी जाळे शिवतानाचे छायाचित्र घेऊ दिले आणि मासळीच्या लिलावाचे नको म्हणाल्या; ते मी घेतलेले नाही.

सध्या दोन्ही किनाऱ्यांवरची ही कामे समोरासमोर लावण्याचे काम चालू आहे: दोर आणि शाकारणी, चटया आणि झाप, मुरवलेला बुरी आणि सुकवलेले सोडे. प्रत्येक छायाचित्राखाली महिना, काम आणि ते का करतात एवढे लिहिते, विशेषणे घालत नाही. जपानची बाजू बऱ्यापैकी भरली आहे. कोकणाची अपुरी आहे, कारण झापांच्या जागी बहुतेक घरांना आता निळे प्लास्टिक आले आहे आणि विणणारी माणसे गावोगाव शोधावी लागतात. येत्या मे महिन्यात गुहागरपासून राजापूरपर्यंतची किनाऱ्याची गावे करायची आहेत. आईने विणणाऱ्या काही घरांची नावे लिहून ठेवली आहेत, आणि ती सोबत येणार आहे.